बोटीवरचं शिळं पाणी

आठच्या पाळीला मी इंजिनरूममध्ये उतरलो, तेव्हा गोड्या पाण्याच्या टँकचा काटा अर्ध्याच्याही खाली गेलेला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही मुंबई सोडली तेव्हा तो कुठे होता ते मला चांगलं ठाऊक होतं. तो काटा सांभाळणं हीच माझी नोकरी होती. मी गेजच्या काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

"गेज बिघडलेला नाही," माझ्या आधीच्या पाळीचा इंजिनीअर म्हणाला. "मी टँकमध्ये टेप सोडून मोजलं. पाणी खरंच गेलंय. पहाटे पाचपासून पंप थांबायचं नाव घेत नाहीये. चीफला कळवलंय."

एवढं बोलून तो झोपायला निघून गेला. त्याची पाळी संपली होती आणि माझी सुरू झाली होती. बोटीवर संकटंसुद्धा पाळीप्रमाणे वाटलेली असतात.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी एका परदेशी कंपनीच्या क्रूझ शिपवर फोर्थ इंजिनीअर होतो. क्रूझ शिप म्हटलं की लोक अजूनही मला विचारतात, "मग काय, मजाच असेल तुमची?" मजा असते, पण ती वरच्या डेकवर. ज्या दिवशी बोट कुठल्याच बंदराला लागत नाही, त्या दिवसाला 'सी डे' म्हणतात. प्रवाशांसाठी तो सगळ्यात निवांत दिवस. उशिरा उठायचं, खायचं, आरामखुर्चीत पडून समुद्र बघायचा, परत खायचं. खाली आमच्याकडे मात्र बंदरात करता न आलेली सगळी कामं त्याच दिवशी निघतात. मुंबई ते कोलंबोच्या वाटेवरचा हा पहिला सी डे होता.

पाण्याचं गणित आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोटीला गोडं पाणी दोनच ठिकाणांहून मिळतं. एक तर बंदरात पाईप जोडून घ्यायचं, नाहीतर समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करायची. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तेच तत्त्व. हे काम करणाऱ्या यंत्राला इव्हॅपोरेटर म्हणतात. ते बोट भर समुद्रात असतानाच चालवतात, कारण बंदराच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते मुंबईकराला सांगायला नको. त्या उन्हाळ्यात मुंबईत पाण्याची बोंब होती, त्यामुळे बंदरातही आम्हाला पाणी बेताचंच मिळालं. चीफ इंजिनीअरचा हिशोब साधा होता. समुद्रात गेलं की इव्हॅपोरेटर सुरू होईल, आणि रोज लागतं तेवढं पाणी रोज तयार होईल. खर्च वाढला नाही म्हणजे झालं.

खर्च वाढला होता. आणि हेच पाणी इंजिनाला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरलाही लागायचं. बॉयलरला पाणी कमी पडलं तर नुसत्या अंघोळी राहत नाहीत, बोटच उभी राहते.

चीफ स्कॉटलंडचा होता. तो कधी आवाज चढवायचा नाही. चढवला असता तर बरं, असं आम्हाला वाटायचं. तो आला, काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लीक."

"बिल्ज कोरडी आहे, सर," मी म्हणालो. बिल्ज म्हणजे बोटीचा अगदी तळ. वर कुठेही पाणी सांडलं तरी शेवटी ते तिथेच येऊन साठतं.

"मग अजून खाली पोचलं नसेल."

"एवढं पाणी वर कुठे सांडलं असतं तर कोणीतरी ओरडत आलं असतं, सर."

"सावंत, पाणी हवेत उडत नाही. शोध. चहाच्या वेळेपर्यंत सापडलं नाही तर मला कॅप्टनला सांगावं लागेल, आणि प्रवाशांच्या केबिनचं पाणी बंद करावं लागेल. आज रात्री कॅप्टनची पार्टी आहे. सगळे लोक अंघोळ न करता टाय बांधून येतील. तुला ते आवडेल?"

"नाही, सर."

"मलाही नाही."

कोलंबोचं नाव त्यानं काढलं नाही. पण आम्हा दोघांच्या डोक्यात तेच होतं. मालवाहू बोटींवरून मी या कंपनीत तीन महिन्यांच्या बोलीवर आलो होतो. ती मुदत कोलंबोला संपत होती. मला ठेवायचं की तिथूनच घरी पाठवायचं, हे चीफ ठरवणार होता. माझे वडील गिरणी कामगार. गिरणी एकदा बंद पडली ती पडलीच. घाटकोपरच्या आमच्या चाळीतलं घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि परवाच बोटीवरून घरी जाऊन आलो तेव्हा आईनं मला सांगितलं होतं, "आता दोन वर्षं तरी ही बोट सोडू नकोस रे बाबा." मी हो म्हणून आलो होतो.

पहिला संशय वरच्या डेकवर होता. तिथे स्विमिंग पूल होता. पूलमध्ये समुद्राचंच पाणी असतं, पण बाहेर आल्यावर अंग धुवायला गोड्या पाण्याचे शॉवर लावलेले असतात. एखादा उघडा राहिला असेल म्हणून मी वर गेलो. तेलकट बॉयलर सूट, हातात पाना. वर वेगळीच दुनिया. समुद्र तव्यासारखा सपाट. पूलभोवती आरामखुर्च्यांच्या रांगा. कोणी टोपी तोंडावर घेऊन झोपलेलं, कोणी पुस्तक छातीवर ठेवून. शॉवर सगळे बंद होते आणि खालची लाकडी फळीसुद्धा अजून कोरडी होती.

शॉवरच्या जवळच एक इंग्रज आजी विणत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"किती शांत दिवस आहे नाही? अशा दिवशी तुम्हालाही खाली काही काम नसेल."

"विशेष काही नाही, मॅडम," मी म्हणालो आणि पाना पाठीमागे धरला. प्रवाशाला खरं सांगायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

मग गरम पाण्याची टाकी पाहिली, किचन पाहिलं, प्रवाशांच्या केबिनच्या लाईनी पाहिल्या. सगळीकडे कोरडं.

त्या दिवशी एक काम आधीच ठरलेलं होतं. सगळ्यात खालच्या डेकवर स्टुअर्ड, कुक आणि लॉन्ड्रीवाले राहायचे. त्यांच्या भागाला पाणी नेणाऱ्या लाईनचा मुख्य व्हॉल्व्ह म्हातारा होऊन ठिबकत होता, तो बदलायचा होता. त्यासाठी नाश्त्यानंतर त्या डेकचं पाणी बंद करायचं आणि दुपारी चहाच्या वेळेला परत सोडायचं, असं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मुंबई मागे पडल्यावर बोटीच्या ऑफिसनं स्पीकरवरून खालच्या डेकला तसं सांगितलंही होतं, आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत. ऑफिसचं काम व्यवस्थित असायचं.

नऊच्या सुमाराला मी ती लाईन बंद केली. पाचएक मिनिटांत पंप थांबला. काटा खाली जायचा थांबला. मी चीफला फोन केला.

"म्हणजे लीक खालच्या डेकच्या लाईनमध्येच आहे," तो म्हणाला. "चहाच्या वेळेला नवीन व्हॉल्व्ह उघडू. पंप परत धावायला लागला की खात्री होईल."

"खात्री होईपर्यंत टँक रिकामा होईल, सर."

"म्हणून त्याआधी शोध."

फिटरला हाताशी घेऊन व्हॉल्व्ह बदलेपर्यंत माझी पाळी संपत आली. जेवण बाजूला ठेवलं, टॉर्च घेतला आणि खालच्या डेकच्या पॅसेजमध्ये गेलो. त्या लाईनचे पाईप पॅसेजच्या छतातून जातात. मी प्रत्येक सांध्याखाली उभा राहून टॉर्च मारत होतो, आणि गुडघ्यांवर बसून जमीन हातानं चाचपत होतो. ओलीचा मागमूस नव्हता. टनावारी पाणी गिळून बोट अशी कोरडी ठणठणीत कशी राहते, ते मला कळेना. आपल्याला हा धंदाच कळत नाही, असंही त्या पॅसेजमध्ये एकदा वाटून गेलं.

"काय रे झिला, काय हरावला?"

परबकाका होते, लॉन्ड्रीचे मुख्य. ते कुडाळकडचे, राहायला कांजूरमार्गला. पूर्वी गिरणीत कापड धुवायच्या खात्यात होते, गिरणी गेल्यावर बोटीवर आले. मुंबईला निम्म्याहून जास्त क्रू बदलला होता. जुने स्टुअर्ड आणि लॉन्ड्रीवाले सुट्टीवर उतरले आणि नवीन चढले, त्यातच काका आले होते. नवीन आलेली बहुतेक मंडळी आपल्याच उपनगरांतली. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली.

"लाईन फुटलीय काका कुठेतरी," मी म्हणालो. "पाणी जातंय. तुम्हाला कुठे ओल दिसली?"

"ओल? खय असतली ओल? सकाळपासून नळाक थेंब नाय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "पाणी होया तुका? तसा सांग मा. ये."

त्यांनी आपल्या केबिनचं दार उघडलं.

बर्थखाली दोन बादल्या, काठोकाठ. दोन्हींवर जेवायच्या थाळ्या झाकण म्हणून ठेवलेल्या. बेसिनला बूच लावून ते भरलेलं. कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी घालून त्यात पाणी. टेबलावर थर्मास, पाण्याचा जग, आणि आरशाखालच्या फळीवर दात घासायचे दोन ग्लास, तेसुद्धा भरलेले. एकावर साबणाची डबी झाकलेली होती.

"हे कधी भरलंत?"

"फाटफटी, पाच वाजता. काल सांगल्यानी मा, पाणी जातला म्हणान? गेल्यार मगे काय भरतलंव?"

मी शेजारच्या केबिनचं दार वाजवलं. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या केबिनमध्येही. लॉन्ड्रीत गेलो. कपडे भिजवायचे मोठे टब तुडुंब. धुवायच्या मशीनमध्ये एकही कपडा नाही, नुसतं पाणी. तेवढ्यात पॅसेजमधून विलास आला. हा बोरिवलीचा, डायनिंग हॉलमधला स्टुअर्ड, दोन मुलांचा बाप आणि बोलायला एकदम मोकळा.

"साहेब, टेन्शन घेऊ नका. आपल्या साईडला पण फुल आहे. शॅम्पेनच्या बादल्यासुद्धा सोडल्या नाहीत आपण."

त्यानं दाखवल्या. चांदीचं पाणी दिलेल्या, बर्फात बाटल्या ठेवायच्या त्या बादल्या. पँट्रीत ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर एकेक बशी.

"आणि पहाटेच अंघोळी उरकल्या सगळ्यांनी," विलास म्हणाला. "कपडे पण धुऊन टाकले. नंतर मिळतंय, नाही मिळत, काय भरवसा?"

मी पॅसेजमध्येच भिंतीला टेकून उभा राहिलो आणि हसायला लागलो. लीक नव्हतीच. पंप पहाटे पाचपासून का धावत होता ते आता लख्ख दिसत होतं. पाचला आमच्या चाळीतही सगळ्या बिऱ्हाडांचे दिवे लागायचे. तीन महिने मी इंजिनीअरांच्या डेकवर राहत होतो, नळ फिरवला की पाणी. तेवढ्या दिवसांत मी माझंच घर विसरलो होतो. ही माणसं परवापर्यंत घरी पाणी भरत होती, पिंपावर पिंप लावत होती. त्यांना सांगितलं, उद्या पाणी बंद. मग ती दुसरं काय करणार?

मला इतकं हलकं वाटलं की मी काकांना म्हणालो, "चला, चहा घेऊ."

"थांब," काका म्हणाले. "वेळ जाली. आता पाणी इला काय ह्या सगळा ओतून ताजा भरूक होया. मगे चाय."

मी वळलो होतो तो परत फिरलो.

"ओतून? का?"

"का म्हणजे? कालचा पाणी मा ता."

"काल कुठे, आज पहाटेचं आहे."

"अरे, पण टाकीत कालचाच होता. बंदरातला. आता नळाक ताजा येतला. घरात कोण पाव्हणो इलो तर शिळा पाणी देतंस काय तू?"

माझी आई रोज सकाळी नळ आला की आधी हंडा-कळशी ओतायची, घासायची आणि मग भरायची. पाण्याची कितीही मारामार असो. आदल्या दिवशीचं पाणी प्यायला ठेवणं म्हणजे घराला काही रीतभात नसल्यासारखं. पॅसेजमधले सगळे लोक असेच वाढले होते. चहाच्या वेळेला मी व्हॉल्व्ह उघडला की सगळ्या केबिनमधलं, टबांमधलं, शॅम्पेनच्या बादल्यांमधलं पाणी ओतलं जाणार होतं, आणि तेवढंच पाणी पुन्हा टँकमधून भरलं जाणार होतं. काट्याला आता तेवढं खाली जायला जागा नव्हती.

"काका, कोणाला काही ओतू देऊ नका," मी म्हणालो. "मी आलोच."

चीफ आपल्या ऑफिसात होता. समोर टेलिफोन होता, आणि त्यावर हात ठेवून तो बसला होता. कॅप्टनला फोन करायची तयारी.

"सापडली लीक?"

"लीक नाही, सर. पाणी बोटीवरच आहे. बादल्यांमध्ये."

त्यानं हात फोनवरून काढला. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शॅम्पेनच्या बादल्यांपाशी भुवई तेवढी वर गेली.

"पण पाणी फक्त काही तास बंद राहणार होतं. आपण त्यांना वेळसुद्धा सांगितली होती."

"आमच्याकडे पाणी कधी जाणार हे सांगतात, सर. कधी येणार ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं."

"ठीक आहे," चीफ म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. "मग प्रश्न मिटला. आता व्हॉल्व्ह उघडू. ते साठवलेलं पाणी वापरतील, तेवढा टँकवरचा भार कमी."

"उघडू नका, सर."

"का?"

"साठवलेलं ओतून टाकतील आणि परत भरतील."

"का?"

"ते शिळं झालं, सर."

चीफनं फोन बाजूला सरकवला. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "सावंत, पाणी शिळं होत नाही."

"हो, सर."

"तुझ्या टँकमधलं पाणी कधी कधी दोन-दोन आठवडे जुनं असतं."

"हो, सर. ते त्यांना सांगू नका. सगळा टँक ओततील."

तो हसला नाही, पण त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुझं म्हणणं काय आहे?"

"खालच्या डेकचं पाणी उद्या सकाळपर्यंत बंद ठेवू. प्रवाशांची आणि किचनची लाईन वेगळी आहे, ती चालू राहील. इव्हॅपोरेटर रात्रभर चालेल आणि टँक वर येईल."

"माझी माणसं रात्री पार्टीत वाढणार आहेत. अंघोळ न करता?"

"प्रत्येकाकडे दोन बादल्या आहेत, सर. आमच्या घरी एका बादलीत दोघं अंघोळ करतात."

"मी त्यांना आज पाणी देईन असा शब्द दिलाय. चिडतील ते."

"पाणी आलं नाही म्हणून आमच्याकडे कोणी चिडत नाही, सर. सवय आहे. पाणी आहे ते जपतील."

"आणि तसं झालं नाही तर?"

"तर मी कोलंबोला उतरतो."

सकाळपासून दोघांनी टाळलेलं नाव शेवटी माझ्याच तोंडून गेलं.

"ते मी ठरवेन," चीफ म्हणाला. "जा. बंद ठेव."

मी जवळजवळ धावतच खाली गेलो. चहाची वेळ झाली होती. पॅसेजमध्ये सगळ्या केबिनची दारं उघडी, माणसं नळांपाशी उभी. पँट्रीत विलासनं एक बादली उचलून मोरीच्या तोंडाशी तिरकी धरलीच होती. पाण्याची धार सुटणार एवढ्यात मी ओरडलो.

"विलास, ओतू नकोस. पाणी येणार नाहीये."

त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"आज नाही येणार," मी मोठ्यानं सांगितलं, म्हणजे पॅसेजभर ऐकू जाईल. "काम लांबलंय. उद्या सकाळी सोडू. तोपर्यंत आहे ते जपून वापरा."

विलासनं बादली सरळ केली. आतल्या पाण्याकडे एकदा बघितलं. मग ती हळूच खाली ठेवली आणि बशी परत झाकली.

कोणी चिडलं नाही. उलट एकेकाच्या चेहऱ्यावर शहाणपण पसरलं. "मी म्हटलं नव्हतं?" असं जो तो दुसऱ्याला म्हणत होता. "हे लोक बोलतात दुपारी, आणि दुपार उजाडते दुसऱ्या दिवशी." कोणीतरी म्हणालं, "म्युन्सिपाल्टी इथे पण आहे म्हणजे." सगळे हसले. शिळ्या पाण्याचा विषय एका क्षणात मिटला. ताजं येणार असेल तरच पाणी शिळं होतं. येणारच नसेल तर ते नुसतं पाणी असतं.

परबकाका समाधानानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघलंस? भरान ठेवला नसता तर आज वाट लागली असती."

"हो, काका," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणि मग त्या डेकवर जे झालं ते मी कुठल्या मरीन इंजिनीअरिंगच्या वर्गात शिकलो नव्हतो. एरवी माणसं शॉवरखाली गाणी म्हणत उभी राहायची. त्या संध्याकाळी त्याच माणसांनी दात घासायच्या ग्लासनं अंघोळी केल्या. तोंड धुतलेलं पाणी पॅसेज पुसायला गेलं. लॉन्ड्रीच्या टबांत पार्टीचे पांढरे कोट धुतले गेले, आणि त्याच साबणाच्या पाण्यात पुढचे टॉवेल. कोणाला काही सांगावं लागलं नाही. रात्रीच्या पार्टीत विलास आणि मंडळी इस्त्रीचे कोट घालून वाढत होती. शॅम्पेनच्या बादल्या तोवर धुऊन पुसून बर्फानं भरलेल्या होत्या.

संध्याकाळी मी काट्यापाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा चीफ आधीच तिथे होता. काटा थोडा वर सरकला होता. फार नाही, पण वर. चीफनं काचेवर टिचकी मारून बघितली. काटा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टँक पुन्हा अर्ध्याच्या वर आला होता. मग मी व्हॉल्व्ह उघडला, आणि यावेळी स्पीकरवरून काहीही सांगितलं नाही. नळाला पाणी आहे हे ज्याचं त्याला हळूहळू कळलं. ओतलं बऱ्याच जणांनी, पण आता ओतायला फारसं उरलंच नव्हतं.

मी पूलचे शॉवर बघायला परत वर गेलो. आजी त्याच खुर्चीत होत्या, विणकाम चार बोटं वाढलं होतं.

"कालचा दिवस किती आरामात गेला," त्या म्हणाल्या. "कधी संपला ते कळलंच नाही. तुमचाही आराम झाला असेल ना?"

"हो, मॅडम," मी म्हणालो.

कोलंबोच्या आदल्या दिवशी चीफनं मला बोलावलं. "बॅग भरलीस?"

"नाही, सर."

"भरू नकोस." एवढंच बोलून त्यानं समोरची फाईल ओढली. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाला, "सावंत, पुढच्या वेळी पाण्याची लाईन बंद करायची असेल तर आधी सांगायचं नाही."

"नाही, सर. आधी बंद करायची, मग सांगायचं. आणि उघडायची तेव्हा तर सांगायचंच नाही."

त्या बोटीवर मी असेपर्यंत हा नियम चालला. मुंबईचा क्रू असला की पाण्याची चणचण कधी पडली नाही. पुढे मी बऱ्याच बोटी केल्या, चीफ झालो, आणि प्रत्येक बोटीवर हा नियम नेला. कुठल्या पुस्तकात तो नाही.

सुट्टीवर घाटकोपरला आलो तेव्हा आईला ही गोष्ट सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती गंभीर होऊन ऐकत होती. बादल्यांपाशी तिनं मान डोलावली, त्यात तिला नवल काहीच नव्हतं. चीफचं, कोलंबोचं, माझी नोकरी वाचल्याचं सगळं सांगून झालं. मग ती म्हणाली,

"म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत तू त्या बिचाऱ्यांना शिळं पाणी पाजलंस?"

"आई, पाणी शिळं होत नाही."

"असं तो साहेब म्हणाला असेल," ती म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. कळशीतलं ओतून, ताजं.

आता मी निवृत्त आहे, मुलुंडला राहतो. बिल्डिंगला चोवीस तास पाणी आहे, खाली टाकी, वर टाकी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. पाणी शिळं होत नाही हे मी माझ्या सुनेला व्यवस्थित समजावून सांगितलंय, इव्हॅपोरेटरपासून सगळं. तिला ते पटलंही आहे. ती कालचंच पाणी पिते. ओट्यावरची कळशी रोज सकाळी ओतून भरतो तो मी.